१४० वरून १७: आमच्या मिलिंगच्या पीसीची लेटन्सी

आमची शेड सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत. दोन लेथ, एक रेडियल ड्रिल, एक जुनं एम१टीआर मॉडेलचं मिलिंग मशीन आणि माणसं चार, त्यात अण्णा म्हणजे माझे वडील आणि मी आलोच. मागच्या वर्षी त्या मिलिंगला आम्ही बॉलस्क्रू (टेबल सरकवणारा स्क्रू) आणि स्टेपर मोटरी (ठरावीक छोट्या पायऱ्यांनी फिरणाऱ्या) बसवून घरच्या घरी सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं, केलं. नवीन व्हीएमसीची, म्हणजे तयार सीएनसी मिलिंग मशीनची, ऐपत नाही, कर्जाचा विषय काढला की अण्णा ताटावरून उठतात, मग हाच मार्ग. कंट्रोलर म्हणून लिनक्ससीएनसी घेतलं, ते फुकट आहे, साध्या पीसीवर चालतं आणि पीसीच्या मागच्या पॅरलल पोर्टमधून थेट मोटरच्या ड्रायव्हरला (मोटरला वीज देणारा डबा) पल्स, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देतं. मूळचं ते अमेरिकेतल्या एनआयएसटी नावाच्या सरकारी संस्थेत नव्वदच्या दशकात तयार झालेलं, हे ऐकल्यावर अण्णांचा जरा विश्वास बसला, सरकारी म्हणजे कुणी उद्या पैसे मागायला येणार नाही असं त्यांचं गणित.

हे लिहायला घेतलं कारण पल्स द्यायला पीसी करत असलेला उशीर, म्हणजे लेटन्सी, १४० मायक्रोसेकंदांवरून १७ वर आणायच्या भानगडीत जानेवारी ते मार्च असे अडीच महिने गेले, आणि जे काही वाचायला मिळालं ते सगळं इंग्रजीत, वर वाचणाऱ्याला लिनक्स येतंच असं धरून लिहिलेलं. माझा डिप्लोमा मेकॅनिकलचा, लिनक्स आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते या मशीनवर. तर माझ्यासारखं कुणी अडकलं असेल तर.

सुरुवात ११ जानेवारीला, शनिवारी. हळदीचा सीझन तोंडावर, आणि हळद पॉलिश करायच्या ड्रमला लागणाऱ्या बेअरिंग प्लेटांची ऑर्डर होती, १६ एमएम एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, ६० नग, प्रत्येकीत चार स्लॉट आणि मधे बोअर (गोल भोक), तारीख १५ फेब्रुवारी. पहिल्या आठ प्लेटा मस्त निघाल्या. नववीचा तिसरा स्लॉट ०.४ एमएम सरकलेला. दहावी नीट. अकरावीत बोअरच ०.१ ने बाजूला. मला वाटलं झिरो, म्हणजे मोजमापाची सुरुवातीची जागा, घेताना माझीच चूक झाली असेल म्हणून परत झिरो घेतला, बारावी नीट आली, तेरावीत पुन्हा ०.३.

अण्णांनी स्क्रूड्रायव्हरचा दांडा कानाला आणि टोक मोटरच्या बॉडीला लावून ऐकलं, मी रॅपिड मारत होते, म्हणजे काही न कापता टेबल पूर्ण वेगाने पळवत होते, आणि ते म्हणाले, "रडतंय बघ मधूनच. कपलिंग बघ की आधी." कपलिंग, म्हणजे मोटर आणि स्क्रू जोडणारा भाग, नवीन आणून टाकलं, ९०० रुपये. फरक शून्य. मग आमच्या वायरमनमामांचं मत पडलं की ड्रायव्हरच्या वायरीत नॉइज येतोय, म्हणून शील्डेड केबल घातली, १,३५० रुपये, अर्थिंग नीट केलं, एक रविवार त्यात गेला. फरक शून्य. अर्थिंग नीट करणं वाया जात नाही म्हणा, पण आमचा रोग तो नव्हता.

खरी खूण समोरच होती आणि आम्हाला दिसत नव्हती. डायल (काट्याचं मोजमापाचं घड्याळ) लावून जेवढ्या चुका मोजल्या होत्या त्या सगळ्या ०.१, ०.३, ०.४, परत ०.१. कधी ०.१७ नाही, कधी ०.२५ नाही. संक्रांतीच्या दिवशी घरी तिळगूळ वळता वळता डोक्यात आलं की स्टेपर मोटर निसटते तेव्हा ती कुठेही थांबत नाही, चार फुल स्टेपच्या पटीत मागे नाहीतर पुढे जाऊन परत पकडते. २०० स्टेपची मोटर, म्हणजे चार स्टेप हा फेऱ्याचा पन्नासावा भाग, आणि आमचा स्क्रू ५ एमएम पिचचा. पाच भागिले पन्नास, ०.१. म्हणजे कपलिंग ढिलं नाही आणि बॅकलॅश, म्हणजे स्क्रूमधली ढिलाई, तीही नाही, मोटर पल्स चुकवतेय. तुमच्याकडे असं काही होत असेल तर आधी दहाबारा चुका मोजून लिहून काढा, खर्च करायच्या आधी. कपलिंग ढिलं असेल तर आकडे वाटेल तसे येतात.

मग आठवलं की लिनक्ससीएनसी चालू केलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात एक मेसेज यायचा, "अनएक्स्पेक्टेड रिअलटाइम डिले" असं काहीतरी, आणि खाली चक्क लिहिलेलं की लेटन्सी टेस्ट चालवा आणि हे निस्तरल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन महिने मी तो मेसेज फुली मारून बंद करत होते. एका सेशनमध्ये तो एकदाच येतो त्यामुळे त्रासही होत नव्हता.

लेटन्सी म्हणजे काय ते मला समजलं तसं सांगते. आमच्या सेटिंगला एक एमएम सरकायला ४०० पल्स लागतात. रॅपिड मिनिटाला २४०० एमएम ठेवलेला, म्हणजे सेकंदाला १६,००० पल्स, दोन पल्समध्ये साधारण ६२ मायक्रोसेकंद. हे पल्स पीसीचा प्रोसेसर स्वतः पाठवतो, आणि त्याच वेळी त्याला माउस, स्क्रीन, डिस्क, नेट सगळं बघायचं असतं. तो कुठे दुसरीकडे अडकला आणि १४० मायक्रोसेकंद उशिरा आला तर मधले दोन पल्स गेलेच नाहीत. मोटर तेवढ्यात गचका खाते आणि लगेच परत पूर्ण वेगाचे पल्स सुरू होतात, एवढ्या जड टेबलाला घेऊन ती त्या वेगाला एकदम कशी पोचणार. निसटते. मिरजेच्या मैफिलीत तबलजीची एक मात्रा मागे पडली आणि त्याने ती झाकायला पुढची घाई केली की सतारवाल्याचं जे होतं तेच.

पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्या मामेभावाला फोन केला तर तो म्हणाला रॅम वाढव. त्याच्या कामात सरासरी वेग बघतात, इथे सरासरीला कुणी विचारत नाही. दहा लाख वेळा वेळेवर आला आणि एकदा उशीर झाला, तर त्या एकदालाच प्लेट भंगारात जाते. हे त्याला पटवायला मला अर्धा तास लागला.

१७ जानेवारीला पहिल्यांदा लेटन्सी टेस्ट लावली. छोटी खिडकी येते, दोन ओळी, एक सर्वो थ्रेड एक मिलिसेकंदाचा, एक बेस थ्रेड २५ मायक्रोसेकंदाचा (पल्स देणारा), आणि मॅक्स जिटर, म्हणजे वेळेत पडलेला सगळ्यात मोठा फरक, नावाचा रकाना, तोच आपल्या कामाचा. आकडा नॅनोसेकंदात असतो, शेवटचे तीन अंक काढले की मायक्रोसेकंद. पहिल्या मिनिटाला ८,००० दाखवलं, मी खूश. मग नीट वाचलं तर टेस्ट चालू असताना पीसीला छळायचं असतं, मोठ्या फाइली कॉपी करा, ब्राउझर उघडा, आणि जीएलएक्सगिअर्स म्हणून प्रोग्राम आहे तो चार-पाच वेळा उघडून ठेवा. त्यात लाल, हिरवं, निळं अशी तीन गिअर फिरत असतात. अण्णा मागे येऊन उभे राहिले आणि दात मोजायला लागले, "लाल वीस, बाकीची दहा, रेशो बरोबर आहे, पण हे जिटर का काय ते यात कुठं दिसतंय?" तेवढ्यात मी ब्राउझर उघडला आणि आकडा १,३९,८०० झाला. म्हणजे १४० मायक्रोसेकंद.

या पद्धतीने मशीन चालवायचं तर १५-२० च्या आत हवं. ३० ते ५० असेल तर चालतं पण वेग कमी ठेवावा लागतो. १०० च्या वर असेल तर पीसीमधून पल्स द्यायचा नाद सोडायचा. स्टेपकॉन्फला, म्हणजे लिनक्ससीएनसीचं सेटिंग भरायच्या प्रोग्रामला, खरा आकडा १४० टाकून बघितला तर त्याने बेस पिरियड, म्हणजे दोन पल्समधलं कमीत कमी अंतर, १५० मायक्रोसेकंद धरला, म्हणजे जास्तीत जास्त वेग १,००० एमएम मिनिटाला. आणि मी आधी काय केलं होतं, तर तिथे जो आकडा आधीच भरलेला होता तो न बघता पुढे पुढे दाबत गेले होते. चूक माझीच.

ऑर्डर तर थांबवता येत नव्हती. रॅपिड ७०० वर आणला आणि एक माणूस कायम इमर्जन्सी बटणापाशी. प्लेटमागे दीड-दोन मिनिटं जास्त, ते चाललं असतं, पण तरीही अजून दोन प्लेटा गेल्याच. पार्टीला फोन करून दहा दिवस मागून घेतले. तो फोन करायला मला अख्खी सकाळ लागली, पार्टी मात्र एका मिनिटात हो म्हणाली.

पीसी आमचा ऑफिसमधला, २०२१ मध्ये ३८,००० ला घेतलेला, त्यातल्या त्यात नवीन, पॅरलल पोर्ट नव्हता म्हणून १,१५० चं कार्ड टाकलेलं. मला वाटलं नवीन आहे म्हणजे चांगला असणार. अण्णांनी एक २०० पानी वही आणून दिली आणि सांगितलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तारीख, काय बदललं, आकडा किती, मग पुढची. लेथचं सेटिंग ते असंच करतात. मला कंटाळा यायचा, दोन-तीन गोष्टी एकदम बदलाव्याशा वाटायच्या, पण त्या वहीने वाचवलं.

पहिली ओळ, २१ जानेवारी, बायोसमध्ये (मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, पीसी चालू होताना त्याचं सेटिंग उघडता येतं) सी-स्टेट आणि स्पीडस्टेप बंद. सी-स्टेट म्हणजे प्रोसेसरला काम नसलं की तो डुलकी काढतो, जितकी गाढ झोप तितका उठायला वेळ. आमचा रात्रीचा वॉचमन गेटवर हॉर्न वाजवला तरी पाच मिनिटांनी येतो तसं. स्पीडस्टेप म्हणजे वीज वाचवायला वेग कमीजास्त करणं. दोन्ही बंद केल्यावर १४० चे ९६ झाले. पंखा मात्र आता सतत फिरतो, म्हणून ब्लोअरने आतली धूळ काढून घ्या, आमच्या पीसीत कास्ट आयर्नची पूड निघाली काळी कुळकुळीत.

दुसरी, आयसोलसीपीयूज. प्रोसेसरचा एक कोर बाजूला काढायचा, त्यावर फक्त मशीनचं काम, बाकी सगळ्यांनी उरलेले वाटून घ्यायचे. लिनक्ससीएनसी आपलं काम आपोआप शेवटच्या कोरवर टाकतं, त्यामुळे शेवटचाच नंबर द्यायचा, आणि मोजणी शून्यापासून असते, म्हणजे दोन कोर असतील तर १ लिहायचं. हे ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. मी लिहिलं, रिस्टार्ट केलं, टेस्ट लावली, आकडा तोच ९६. परत केलं, तोच. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं की फाइल सेव्ह केल्यावर अपडेट ग्रब अशी कमांड द्यावी लागते, नाहीतर ती फाइल कुणी वाचतच नाही. नीट लागलं का बघायला प्रोक फोल्डरमधली सीएमडीलाइन नावाची फाइल उघडायची, तिथे आपले शब्द दिसले तरच लागलं. दिसल्यावर आकडा ८१.

आणि तिथे अडकलं. ८१ च्या खाली काही केल्या येईना. नेटची केबल काढली, वायफायचा डोंगल काढला, ग्राफिक कार्ड शेजारच्या शेडमधून मागून लावून बघितलं, स्क्रीनचा डेस्कटॉप साधा केला. ८१, ८३, ८१. रोज रात्री साडेआठ-नऊपर्यंत शेडमध्ये बसून भडंग खात तीन गिअर फिरताना बघायची, आई फोनवर विचारायची अजून किती उतरला, जणू घरात कुणाला ताप आहे.

६ फेब्रुवारीला एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट नावाचं एक टूल सापडलं, आरटी-टेस्ट्स या पॅकेजमध्ये येतं. ते लिनक्सला बाजूला ठेवून फक्त एवढंच बघतं की हार्डवेअर स्वतःच मधे वेळ खातंय का. आमच्या पीसीत खात होतं, ६० च्या वर. मदरबोर्डवरचा बायोस अधूनमधून प्रोसेसरला थांबवून आपली कामं करून घेतो, पंखा, तापमान, यूएसबी वगैरे, त्याला एसएमआय म्हणतात, आणि हे चालू असताना लिनक्सला पत्ताच नसतो. म्हणजे मी तीन आठवडे लिनक्सशी भांडत होते आणि चोर खालच्या मजल्यावर. त्या बायोसमध्ये बंद करण्यासारखं दुसरं काही नव्हतं, ब्रँडेड पीसीत अर्ध्या गोष्टी लपवलेल्याच असतात. त्या दिवशी मी रडले हे लिहायला लाज नाही.

तेव्हा ठरवलं की अमेरिकेतून मेसा कंपनीचं पल्स देणारं कार्ड मागवायचं. त्यात पल्स कार्डावरची एफपीजीए चिप बनवते आणि पीसीने फक्त मिलिसेकंदाला एकदा तिच्याशी बोलायचं, मग शंभरेक मायक्रोसेकंद इकडेतिकडे झाले तरी फरक पडत नाही. पण फर्मच्या नावाने इम्पोर्ट करायचं म्हणजे आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा, कोड पाहिजे. अर्ज डीजीएफटीच्या (सरकारचं परकीय व्यापाराचं खातं) साइटवर ऑनलाइन, फी ५०० रुपये. फर्म अण्णांच्या नावावर म्हणून पॅन त्यांचं आणि आधारचा ओटीपीही त्यांच्या मोबाइलवर, आणि आधारला जोडलेला नंबर २०१६ साली बंद झालेला. मग आधार केंद्रात जाऊन नंबर बदलणे, तेव्हाचे ५० रुपये आणि दोन तास रांग, नंतर तो अपडेट व्हायला नऊ दिवस. त्यात कॅन्सल चेकवर नाव छापलेलं नाही म्हणून बँकेचं सर्टिफिकेट, ते देणारे साहेब दोन दिवस रजेवर. सगळं जमल्यावर प्रत्यक्ष आयईसी मात्र अर्ज केला त्याच संध्याकाळी मेलवर आला. तुम्हालाही काढायचा असेल तर आधी फक्त आधारचा मोबाइल नंबर आणि चेकवरचं नाव तपासा. आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो साइटवर जाऊन अपडेट करावा लागतो, काही बदल नसला तरी, नाहीतर कोड बंद करून टाकतात.

हे चालू असताना मधल्या नऊ दिवसांत हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा म्हटलं जुना पीसी बघू. वाचनात आलं होतं की जुने ऑफिसवाले डेस्कटॉप या कामाला कधीकधी नव्यापेक्षा चांगले निघतात, आणि चांगला निघेल की नाही हे मॉडेलवरून सांगता येत नाही, लावूनच बघावं लागतं. मग पेनड्राइव्हवर लिनक्ससीएनसीची लाइव्ह इमेज टाकली, डेबियन १२ या लिनक्सवाली, त्यात रिअलटाइम कर्नल (लिनक्सचा वेळ काटेकोर पाळणारा गाभा) आधीच असतं, इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच टेस्ट होते. १५ फेब्रुवारीला विश्रामबागला एका सेकंडहँड कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, व्हायरस नाही ना पेनड्राइव्हमध्ये?" मी म्हटलं हवं तर तुमच्या मशीनची डिस्क काढून ठेवा. त्याला वाटलं गिऱ्हाईक वेडं आहे, पण स्टूल दिलं, चहा सांगितला. पहिला पीसी दहा मिनिटांत २१०. दुसरा लॅपटॉप, त्याच्याच आग्रहाने, सातशेच्या वर, लॅपटॉपचं नावच घेऊ नका. तिसरा कोपऱ्यात धूळ खात पडलेला, सेकंड जनरेशन आय३, मागे पॅरलल पोर्ट ऑनबोर्ड. अर्धा तास छळला तरी ३५. तोपर्यंत दुकानदारालाही रस आला होता, तोच गिअरच्या खिडक्या उघडत होता. ५,५०० ला ठरला, पक्क्या जीएसटी बिलावर, सात दिवस टेस्टिंग वॉरंटी. बिल पक्कं घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं आणि परत करायची वेळ आली तर हातात कागद असतो. एसएसडी नवीन टाकली, १,२५० रुपये.

शेडमध्ये आणून परत वही. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग बंद, कारण एकाच कोरला दोन म्हणून दाखवलं की बाजूला काढलेल्या कोरचा भागीदार त्याच्यावर बसतोच. मग सी-स्टेट, स्पीडस्टेप बंद. २७. आयसोलसीपीयूज १, अपडेट ग्रब न विसरता. २१. पण रात्री तासभर ठेवलं की एखादाच आकडा ५८ वर उडी मारायचा. लेटन्सी हिस्टोग्राम म्हणून दुसरा प्रोग्राम आहे, त्यात चित्र दिसतं, सगळा डोंगर डावीकडे आणि लांब उजवीकडे एकटीच एक रेघ. एचडब्ल्यूलॅटडिटेक्टने परत एसएमआयकडेच बोट दाखवलं, पण या बायोसमध्ये लेगसी यूएसबी सपोर्ट नावाचा ऑप्शन होता. बंद केला.

रिस्टार्ट केल्यावर कीबोर्ड मेला. म्हणजे लिनक्स सुरू झाल्यावर चालतो, पण बायोसमध्ये आणि ग्रबच्या स्क्रीनवर एक बटण चालत नाही, कारण तो ऑप्शन त्याच कामासाठी असतो. बायोसमध्ये परत जायचं तर कीबोर्ड नाही आणि कीबोर्ड चालू करायचा तर बायोसमध्ये जायला हवं. शेवटी मेन स्विच काढून मदरबोर्डवरचा सेल पंधरा मिनिटं बाहेर काढून ठेवला, सगळं सेटिंग पुसलं गेलं, मग वहीत बघून बघून परत भरलं. सेलही तसा जुनाच होता, ४० रुपयांचा नवीन टाकला. नंतर जुन्या गोल पिनचा, पीएस/२ कीबोर्ड शोधायला मी गणपती पेठेपासून सगळीकडे फिरले आणि तो मिळाला त्याच विश्रामबागच्या दुकानदाराकडे, गोणीतून काढून दिला, १५० रुपये. म्हणून आधी गोल पिनचा कीबोर्ड आणा, मग तो ऑप्शन बंद करा, याच क्रमाने.

२२ फेब्रुवारीला रात्रभर टेस्ट लावून घरी गेले. सकाळी येऊन बघते तर पीसी बंद, रात्री कधीतरी लाइट गेलेली. २३ ला घरचा इन्व्हर्टर उचलून नेला. २४ ला सकाळी आठ वाजता अण्णा माझ्या आधी पोचले होते आणि मला फोनवर आकडा वाचून दाखवत होते, एक-सहा-नऊ-चार-शून्य. चौदा तास, पाच गिअर, एक मोठी फाइल सतत कॉपी होत असलेली, आणि मॅक्स जिटर १६,९४०. सतरा.

स्टेपकॉन्फमध्ये १७,००० टाकल्यावर बेस पिरियड २७ आला, म्हणजे सेकंदाला ३७,००० पल्सपर्यंत जाता येतं, आम्हाला लागतात १६,०००. रॅपिड परत २४०० केला. डायल लावला, टेबल चारशे वेळा पुढेमागे केलं, दुपारची जेवणं सोडून सगळे बघत उभे. काटा शून्यावर यायचा आणि थांबायचा. अण्णांनी परत स्क्रूड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं, काही बोलले नाहीत आणि प्लेट वाइसमध्ये बांधायला लागले.

उरलेल्या प्लेटा २७ तारखेला गेल्या, ठरल्यापेक्षा दोन दिवस उशिरा. एकूण सात भंगारात. खर्च आयईसीचे ५०० आणि आधारचे ५० धरून १०,८९०, त्यातले खरे कामाचे ६,९४०, बाकी कपलिंग, केबल, वाया गेलेलं पॅरलल पोर्टचं कार्ड आणि ते आयईसी-आधारचे. ३८,००० वाला पीसी परत ऑफिसात गेला, बिलिंग उत्तम करतो. मेसाचं कार्ड अजून मागवलेलं नाही, लेथला सीएनसी करू तेव्हा बघू. हे पॅरलल पोर्टचं सगळं प्रकरण एका मशीनपुरतं ठीक आहे, दुसऱ्यांदा एवढा जीव काढणार नाही.

या पीसीवर आता काही अपडेट करत नाही, नेट लावत नाही, ड्रॉइंग पेनड्राइव्हने आणते तेही मशीन थांबलेलं असताना. कर्नल ६.१२ पासून, म्हणजे नोव्हेंबर २०२४ पासून, तो रिअलटाइमचा भाग जवळजवळ वीस वर्षांनी मूळ लिनक्समध्येच आलाय म्हणतात, पण येऊ दे, आमचा आहे तो बरा आहे. दर महिन्याच्या पहिल्या सुट्टीला तासभर टेस्ट लावून वहीत आकडा लिहिते. पाडव्याला, ३० मार्चला, मशीनची पूजा झाल्यावर सहज लावली तर २६ आला. पोटात गोळा. अर्धा तास शोधल्यावर दिसलं की आमच्या हेल्परने मोबाइल चार्जिंगला पीसीच्या पुढच्या यूएसबीत लावला होता, हारामागे दडलेला. काढला, परत टेस्ट, सतरा. अण्णांनी त्याच दिवशी पुढचे दोन्ही पोर्ट एम-सील भरून बुजवून टाकले.